दुसऱ्या पंगतीला काय झालं

आमच्या घरात कुठल्याही गोष्टीचं एकच कारण सांगायची मुभा नव्हती. बाबा कलकत्त्यात गार्डन रीचला जहाजाच्या कारखान्यात फिटर होते. संध्याकाळचा भोंगा झाला की थोड्या वेळानं गल्लीच्या तोंडाशी त्यांचे बूट वाजायचे. बूट काढता काढता उंबऱ्यावर बसूनच ते वाटेत पाहिलेलं काहीतरी माझ्यासमोर टाकायचे. “वसंता, कोपऱ्यावरचा मिठाईवाला दुकान उघडं टाकून बाहेर बाकावर बसलाय. हातानं वारा घेतोय. का?” मी म्हणायचो, “वीज गेली असेल.” “एक झालं.” “भट्टी पेटवली असेल, आत उकडत असेल.” “दोन.” मग मी डोकं खाजवून म्हणायचो, “भावाशी भांडण झालं असेल.” “तीन. आता यातलं कुठलं धरतोस? पण त्याच्या शेजारच्या न्हाव्याचा रेडिओ चालू होता बरं का, आणि भट्टीचा धूर नव्हता.” म्हणजे विजेचं कारणही बाद, भट्टीचंही बाद. उरलं भांडण. “मग बघून ये,” असं म्हणून ते चहाच्या कपाकडे वळायचे आणि मला पळावं लागायचं. त्या दिवशी मी पाहून आलो, तर पाकाच्या वासानं गांधीलमाश्यांचा थवा दुकानात शिरला होता आणि मालक हातात झाडू घेऊन बाहेर वाट बघत बसला होता. मी पडलेल्या चेहऱ्यानं सांगितलं. बाबा मात्र असे खूश झाले की मांडीवर थाप मारून म्हणाले, “बघ, चौथं निघालं! घरात बसून ते कधी सापडलं नसतं.”

हा खेळ नव्हता, निदान बाबांच्या लेखी तरी नव्हता. बिघडलेलं यंत्र समोर आलं की नवशिका माणूस पहिलं सुचेल ते खोलून बसतो, असं त्यांचं म्हणणं. “पहिलं कारण आपल्याला आवडतं म्हणून सुचतं. ते खरं असतं म्हणून नाही,” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आजही कपाटाची किल्ली सापडेना झाली तर आधी बाबांचा आवाज येतो आणि मग किल्ली सापडते. दुसरं त्यांचं म्हणणं असं, की जे कारण दिसलेल्या सगळ्या गोष्टींना पुरतं ते धरावं, पण मुठीत आवळून धरू नये, तळहातावर ठेवावं. वाऱ्यानं उडालं तर उडू द्यावं. आणि “देव जाणे” म्हणायला घरात बंदी होती. म्हणेल त्याला दुसरा चहा नाही. एकदा आईच बोलून गेली आणि तिचा स्वतः केलेला चहा बाबांनी खरोखर माझ्या कपात ओतला. “अहो, काय हे पोरापुढं!” असं म्हणत ती हसत राहिली.

मी सातवी नापास. लपवण्यासारखं त्यात काही नाही. शाळेत मास्तरांना प्रश्नाला एक उत्तर हवं असायचं आणि मी तीन सांगायचो. मास्तर छडी घ्यायचे, मी आणखी एक कारण सांगायचो. शेवटी आम्ही दोघेही कंटाळलो आणि मी शाळा सोडली. आता बालीगंजच्या या फ्लॅटमध्ये माझी नात कॉलेजचं पुस्तक उघडून मला सांगते, “आजोबा, तुम्ही जे करता ना, खुणांवरून मागं जाऊन कारण शोधणं, त्याला नाव आहे, आणि लोक त्यावर परीक्षा देतात.” असेल. तिनं ते इंग्रजी नाव दोनदा सांगितलं, मी दोन्ही वेळा लक्षात ठेवलं नाही. ज्याच्याबरोबर जन्म काढला त्याची ओळख म्हातारपणी कशाला करून घ्यायची? पण तिला वाटतं की हे सगळं मी मजेखातर करतो. म्हणून हे प्रकरण लिहितोय. एकदा आमच्या आईची अब्रू यावरच तरली होती.

आमच्या दोन खोल्या नदीच्या इतक्या जवळ होत्या की जहाजाचा भोंगा वाजला की फळीवरच्या वाट्या किणकिणायच्या. गल्लीत सकाळपासून मोहरीच्या तेलाचा आणि मासळीचा वास भरलेला असायचा, आणि त्या वासाला भेदून आमच्या दारातून हिंग-जिऱ्याची फोडणी बाहेर पडायची. आईच्या हाताला चव होती हे मी तिचा मुलगा म्हणून सांगत नाही. बालीगंजात राहणाऱ्या मराठी साहेबलोकांच्या घरी सण असला की निरोप गार्डन रीचला यायचा. बदली होऊन आलेल्या बँकेतल्या आणि सरकारी हापिसातल्या बायकांना पुरणपोळी लाटून देणारं या शहरात दुसरं होतं कोण? आई नुसत्या वासावरून सांगायची की डाळ शिजली की लागली. पोळी उलटायची वेळ तिला कानानं कळायची. आमसुलं मुंबईहून येणाऱ्या-जाणाऱ्याकडून मागवून ती बरणीत अशी जपायची की घरच्यांनासुद्धा त्यांचं सार मिळायचं ते सणालाच.

तिच्या मदतीला शेजारची शेफालीमाशी. माशी म्हणजे बंगालीत मावशी. नवरा गेलेली, मूलबाळ नाही, बोलायला फटकळ. नारळ खवायला बसली की तिचा हात यंत्रासारखा चालायचा. आईला ती दीदी म्हणायची आणि आई तिच्याशी मराठीतच बोलायची, ती बंगालीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं कधी काही अडलं नाही. मोदकाच्या कळ्या तर ती आईपेक्षा सुबक काढायची. आई कौतुक लपवून म्हणायची, “हिचा मागचा जन्म रत्नागिरीला गेलाय.”

बालीगंजात एक हॉल भाड्यानं घेऊन आमच्या मराठी मंडळाचा गणपती बसायचा. मधल्या रविवारी सगळ्यांचं जेवण आणि विसर्जनाच्या दिवशी पुन्हा एक. दोन्ही आईकडे. त्या वर्षी मंडळाचे चिटणीस होते कर्णिकसाहेब, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, नुकतेच बदलून आलेले. माणूस शिस्तीचा. पाटाची रांगसुद्धा डोळा बारीक करून बघायचे. रविवारी पहाटेच आई, माशी आणि मी हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात हजर झालो. वरणभात, मसालेभात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, नैवेद्याचे मोदक, श्रीखंड आणि आमसुलाचं सार. सार आईनं आमच्या दोन पातेल्यांत केलं होतं. बाहेरून काजळीनं काळीकुट्ट, अशी ती आमची पितळी पातेली.

पहिली पंगत झकास उठली. दुसरी पंगतही तृप्त होऊन उठली. आम्ही उरलंसुरलं आमच्या डब्यांत भरून, माशीला घेऊन बस पकडायला निघालो. त्यानंतर हॉलमध्ये काय झालं ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. विडे लावता लावताच कुणाच्या पोटात ढवळायला लागलं, कुणी मोरीकडे धावलं, आणि थोड्याच वेळात हॉलच्या मागच्या गल्लीत साहेब, मेमसाहेब, सगळे एका रांगेत वाकलेले. मंडळाचे डॉक्टर बापट स्वतःच त्या रांगेत होते. देवाच्या दयेनं कुणाच्या जिवावर बेतलं नाही, संध्याकाळपर्यंत सगळे उठून बसले. पण नाव कुणाचं झालं ते सांगायला नको.

सोमवारी संध्याकाळी निरोप आला म्हणून आई, बाबा आणि मी हॉलवर गेलो. गणपतीसमोरच खुर्च्या मांडल्या होत्या. आम्हाला कुणी बसा म्हटलं नाही. कर्णिकसाहेब म्हणाले, “सुलोचनाबाई, तुमच्याविषयी आमच्या मनात आदर आहे. पण लोक विचारतात. तुमच्याबरोबर ती बंगाली बाई होती ना? मासे हाताळणारी. नैवेद्याच्या अन्नाला तिचा हात लागला. स्वच्छता, सोवळं, तिला काय कळणार? तुम्ही एवढं मान्य करा की तिच्या हातून काहीतरी झालं, आणि पुढं तिला आणू नका. मग विसर्जनाचा स्वयंपाक तुमच्याकडेच.”

वाट मोकळी करून दिली होती त्यांनी. एक वाक्य बोलायचं आणि घरी जायचं. आईनं एकदा गणपतीला हात जोडले. मग म्हणाली, “साहेब, माशीनं नारळ खवले, काकड्या चोचवल्या आणि मोदक वळले. ते तुम्ही खाल्लेत आणि मोदकांचं कौतुकही केलंत. आणि माशांचं म्हणाल, तर तुमच्याकडं रविवारी काय शिजतं ते बालीगंजातल्या मांजरांना विचारा.” मागच्या खुर्च्यांतून कुणीतरी फिस्सकन हसलं. कर्णिकसाहेबांचे कान लाल झाले. “मग विसर्जनाला आम्ही बाहेरचा आचारी बघतो,” ते म्हणाले. “आणि यानंतर यांच्याकडून दिवाळीचा फराळ घ्यायचा का, ते ज्यानं त्यानं ठरवावं.”

बसमध्ये आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. खिदिरपूरचा पूल आला तेव्हा म्हणाली, “अहो, माझ्या हातून काही झालं असेल का?” तिच्या तोंडून असं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. बाबा म्हणाले, “ठाऊक नाही. वसंता शोधून काढेल.” मिसरूड फुटलेला, सातवी नापास पोरगा मी! पण बाबांनी ते असं सांगितलं जसं कोपऱ्यावरून दही आणायला सांगावं.

दुसऱ्या दिवशी, घरोघरी पुरणपोळ्या पोचवलेले आईचे रिकामे डबे परत आणायच्या निमित्तानं मी बालीगंजात दारोदार फिरलो. डबा घ्यायचा, तब्येत विचारायची आणि उभ्या उभ्या बोलणं काढायचं. आजारी पडलेल्या माणसाला आपल्या उलटीचं वर्णन करायला फार आवडतं, हे मला तेव्हा कळलं. एका बाईंनी तर मला आत बसवून, चहा देऊन, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं ऐकवलं. त्यातून एक गोष्ट लख्ख दिसली. पडले ते सगळे दुसऱ्या पंगतीतले. पहिली पंगत धडधाकट.

डॉक्टर बापट खाटेवर बसून ताक पीत होते. भला माणूस. मला म्हणाले, “अरे, मी काल दुधावर खापर फोडलं, कारण श्रीखंडावर संशय घ्यायची आम्हाला सवयच असते. पण रात्री पडल्या पडल्या विचार करत होतो. बिघडलेल्या दुधानं माणूस इतक्या लवकर पडत नाही रे सहसा. मी पानाला चुना लावत होतो तेव्हाच मला गरगरलं. इतकं झटपट कशानं व्हावं ते मलाही उमगत नाही. तुला काही सापडलं तर सांग.” डॉक्टर असून ‘उमगत नाही’ म्हणाले म्हणून मला त्यांच्याविषयी आजही आदर आहे.

मी मात्र घरी येताना मनाशी एक कारण पक्कं करून आलो. दुसऱ्या पंगतीचं श्रीखंड वेगळ्या भांड्यात होतं, खिडकीपाशी उन्हात ठेवलेलं. पहिल्या पंगतीचं सावलीत. झालं की सगळं स्पष्ट! बाबांसमोर मी छाती काढून सांगितलं. बाबा म्हणाले, “डॉक्टर म्हणतात लवकर होत नाही, त्याचं काय?” मी म्हटलं, “सहसा म्हणाले ते.” “बरं. आपण घरी कुठलं श्रीखंड खाल्लं?” ते खिडकीपाशीचंच होतं. मी म्हटलं, “आपल्याला पचतं.” बाबांनी नुसतं “हं” केलं. “आणि पहिल्या पंगतीतलं कुणीच पडलं नाही?” एक नाव मी गाळलं होतं. पोतनीसअण्णा पडले होते. मंडळातले सगळ्यात वयस्कर, कायम पहिल्या पंगतीला बसणारे. “म्हातारा माणूस,” मी म्हणालो, “त्यांना काहीही होतं.” तेव्हा बाबा हातातला कप खाली ठेवून म्हणाले, “नट बसला नाही म्हणून आपण बोल्ट कापतो का रे? जो माणूस तुझ्या कारणात बसत नाही, त्याच्याकडेच आधी जायचं. ज्याला सगळे वगळतात त्याच्याकडेच खरं असतं.”

मला राग आला. पण मी हट्टी आहे, आणि हट्टाचा एक फायदा असा की माणूस रागानंसुद्धा काम करतो. दुसऱ्या दिवशी मी अण्णांकडे गेलो. ते आरामखुर्चीत उशा टेकून बसले होते.

“अण्णा, श्रीखंड कसं झालं होतं?”

“कुणाला माहीत! मला मधुमेह, गाढवा. बायको समोर बसलेली असते.”

“मग तुम्ही पहिल्या पंगतीला काय काय खाल्लंत?”

“जे सगळ्यांनी खाल्लं ते. आणि अगदी ठणठणीत उठलो. मग गप्पा मारत बसलो होतो, दुसरी पंगत चालू होती. पोट जड वाटलं म्हणून म्हटलं, वाटीभर सार द्या. तुझ्या आईचं सार म्हणजे औषध. ते देवाजवळचं झगझगीत पातेलं होतं ना, त्यातलं कुणीतरी वाढलं. पण खरं सांगू? नेहमीसारखं नव्हतं. जिभेला कसंतरीच लागलं. तुझ्या आईला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.”

अण्णांच्या जिन्यावरून उतरताना माझे पाय मधल्या पायऱ्या गाळत होते. सार! मग मी पुन्हा त्याच दारांवर गेलो, या वेळी डब्यांचं निमित्तही न सांगता. दुसऱ्या पंगतीत बसलेली पोरंटोरं का नाही पडली? पोरं सार पीत नाहीत, नाक मुरडतात. कर्णिकसाहेबांच्या सासूबाई दुसऱ्याच पंगतीला होत्या, त्या का ठणठणीत? संधिवात. आंबट वर्ज्य. एकेक खाच जुळत गेली. पण एक गोष्ट आडवी येत होती. तेच सार आम्ही घरी नेलं, रात्री भातावर घेतलं, माशी तर वाटी तोंडाला लावून प्यायली, आणि आम्हाला शिंकसुद्धा आली नाही. सार एकच, स्वयंपाक एकच, हात एकच. मग निराळं काय होतं? निराळं होतं ते देवाजवळचं झगझगीत पातेलं. आमच्याकडे झगझगीत पातेलं नव्हतंच मुळी.

हॉलच्या दरवानाला मी गाठलं. त्यानं भांड्यांची खोली उघडून दिली. मंडळाचं ते मोठं, कड्यांचं पितळी पातेलं उपडं ठेवलेलं होतं. मी ते सुलटं केलं आणि बघतच राहिलो. सोन्यासारखं लखलखत होतं. बाहेरून, आणि आतूनसुद्धा. मी लहानपणापासून आमची पातेली पाहिलेली. बाहेर काजळी आणि आत पांढुरकी, निस्तेज कल्हई. कल्हईवाला गल्लीत आला की भात्याचा आवाज ऐकून आई आधी आपली पातेली नेऊन ठेवायची, मग बाकीच्या बायका. पितळेचं भांडं आतून कधी पिवळं दिसलंच नव्हतं मला. काठाच्या वळलेल्या कडेखाली बोट फिरवलं तर बोटाला हिरवट काहीतरी लागलं.

घरी आई कणीक मळत होती. मी सांगितलं. तिचे हात परातीतच थांबले. “आतून? आतून पिवळं?” “हो.” “नीट बघितलंस? उजेडात?” “आई, आरशासारखं होतं.” ती तशीच कणकेच्या हातानं खाली बसली. “कळकलं गं बाई,” ती म्हणाली. “कल्हई गेलेल्या पितळेत आंबट, तेही गरम, घंटा-दीडघंटा. कळकणार नाही तर काय होईल! पण मी तर त्यात सार ओतलंच नव्हतं.” मग शेजारून आलेल्या माशीला आठवलं. आम्ही पानं मांडत असताना कर्णिकवहिनी आत आल्या होत्या. काळं पातेलं देवासमोर बरं दिसत नाही म्हणून एका पातेल्यातलं सार त्यांनी त्या चकचकीत पातेल्यात ओतून घेतलं होतं. दुसरं तसंच राहिलं. त्यातलं पहिल्या पंगतीला गेलं आणि उरलेलं आमच्या डब्यात आलं.

मला तेव्हाच बस पकडून कर्णिकसाहेबांच्या दारात उभं राहून गल्ली ऐकेल असं ओरडायचं होतं. बाबांनी हात धरून खाली बसवलं. “तुझं कारण सगळ्याला पुरतंय, मान्य. पण अजून ते कारणच आहे. ते खरं असेल तर उद्याही तसंच घडेल. घडवून दाखव.”

म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीआधी आई बरणीतली राहिलेली आमसुलं घेऊन हॉलवर गेली. न विचारता मागच्या स्वयंपाकघरात शिरली, सार उकळलं, निम्मं आमच्या काळ्या पातेल्यात ठेवलं, निम्मं मंडळाच्या. दोन्ही पातेली उचलून गणपतीसमोर आणून ठेवली. कर्णिकसाहेब पुढं आले. “हे काय चाललंय, सुलोचनाबाई?” आई म्हणाली, “आरती होऊ दे साहेब. मग बोलू.” आरती झाली, सगळ्या आरत्या झाल्या, मंत्रपुष्पांजली झाली, वर तास-दीडतास भजन झालं. त्या दिवशी एकही माणूस प्रसाद घेऊन निघाला नाही. मग आईनं डॉक्टर बापटांना हाक मारली. “डॉक्टर, तुम्हीच या. नुसतं जिभेच्या टोकाला लावा, गिळू नका.”

डॉक्टरांनी काळ्या पातेल्यातला चमचा घेतला, मान डोलावली. मग दुसऱ्यातला जिभेला लावला आणि तोंड असं वेडंवाकडं केलं की पुढची पोरं हसायला लागली. रुमालात थुंकून म्हणाले, “हीच! त्या दिवसाची हीच चव. तांबं उतरलंय यात. अरे, आता सगळा उलगडा झाला, म्हणून इतकं झटपट!” त्यांनी चमचा कर्णिकसाहेबांपुढे धरला. साहेबांनी चव घेतली, आणि त्यांनाही रुमाल काढावा लागला.

“या पातेल्याला कल्हई होती,” आई म्हणाली. “मागच्या वर्षी मीच करून घेतली होती. ती कशी गेली मला माहीत नाही.” एवढंच. सार कुणी ओतलं हे तिला ठाऊक होतं, पण तिनं ते नाव घेतलं नाही. मी तोंड उघडलं तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ते पुन्हा मिटलं.

मग बायकांच्या घोळक्यातून कर्णिकवहिनी उठल्या. पंचविशीतली असेल बाई. “मी घासलं,” त्या म्हणाल्या. “आतून सगळं पांढरं-पांढरं, डागाळल्यासारखं दिसत होतं. मला वाटलं इतकी वर्षं कुणी नीट घासलंच नाही. देवाचं भांडं म्हणून चिंच आणि वाळू घेऊन अख्खी दुपार घासत होते. आमच्या माहेरी सगळी स्टीलची भांडी, काकू. मला खरंच ठाऊक नव्हतं.” आणि त्या रडायला लागल्या. नवरा खाली बघत उभा. आई त्यांच्याजवळ गेली, त्यांचे हात उलटे करून बघितले. बोटांची सालटी निघालेली होती. “कल्हई घासून काढणं काय सोपं असतं का गं?” आई म्हणाली. “इतकी मेहनत माझ्याकडं केली असतीस तर चार दिवसांत पुरण शिकली असतीस.” वहिनी रडता रडता हसल्या.

कर्णिकसाहेब शिस्तीचे होते हे मी आधी सांगितलं. शिस्तीची माणसं चूक कबूल करतात तीही ताठ उभी राहून. सगळ्यांदेखत म्हणाले, “सुलोचनाबाई, मी तुमच्यावर अन्याय केला. विसर्जनाचा स्वयंपाक तुम्हीच करावा अशी माझी विनंती आहे.” आई म्हणाली, “अन्याय माझ्यावर थोडा झाला. ज्या बाईवर झाला ती इथं नाही, मी तिला आज आणलं नाही. स्वयंपाक मी करीन. पण त्या दिवशी सार शेफाली वाढेल.”

“वाढेल? पंगतीत?”

“पंगतीत. तिचे हात सगळ्यांना दिसू देत.”

लोक मला विचारतात, तुम्ही शिकला असतात तर काय झाला असतात? मी म्हणतो, झालो ते काय कमी झालो? त्या आठवड्यात मी जे केलं ते मला कुठल्या मास्तरांनी शिकवलं नव्हतं, आणि पुढं जन्मभर बाबांसारखंच हातात पाना धरून पोट भरताना मला त्यापेक्षा जास्त काही लागलंही नाही. हा गर्व आहे असं कुणाला वाटत असेल तर वाटू दे. आहेच.

विसर्जनाच्या दिवशी माशीनं ठेवणीतलं लाल काठाचं पांढरं पातळ नेसलं होतं. विधवेनं लाल काठ कसा, असं गल्लीत कुणी म्हटलं असावं, कारण येताना वाटभर ती कुणाला तरी बंगालीत शिव्या मोजत होती. पंगत बसली. भात वाढला गेला आणि माशी आमचं काळं पातेलं कडेवर घेऊन, हातात ओगराळं धरून रांगेच्या टोकाशी उभी राहिली. पहिल्या पाटावर कर्णिकसाहेब. त्या क्षणी अख्खी पंगत जेवायची थांबली. माशीला मराठीचे आठ-दहा शब्द यायचे. त्यातले दोन तिनं वापरले. “वाटी द्या.” साहेबांनी वाटी उचलून पुढं धरली. माशीनं काठोकाठ भरली. साहेबांनी ती ओठाला लावली आणि सगळी एका दमात प्यायले. खाली ठेवली नाही. तशीच पुन्हा पुढं केली.

“आणखी?” माशीनं विचारलं.

“आणखी.”

मग रांगेतून वाट्याच वाट्या पुढं आल्या. पोतनीसअण्णा तिकडून ओरडत होते, “अहो माशी, इकडं या, तिथंच काय उभ्या राहिलात!” डॉक्टरांनी तर पानातल्या भातातच सारासाठी खड्डा केला. मी मीठ वाढत होतो आणि मला पुढचं दिसेना झालं होतं. आई बाहेर आली नव्हती. ती आतल्या दाराशी भिंतीला टेकून उभी होती, डोळे मिटून, पोळी भाजताना ऐकायची तशी ऐकत. पंगतीचा सगळा गलका तिच्या कानावरून जात असणार. थोड्या वेळानं ओगराळं पातेल्याच्या तळावर खरडल्याचा आवाज आला, एकदा, मग पुन्हा एकदा. आईनं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं.

“संपवलं मेल्यांनी,” ती म्हणाली. “मला वाटीभरसुद्धा ठेवलं नाही.”